आबांच्या गाडीतली पुढची जागा

गाडी थांबली की आबा आतूनच डावीकडे झुकायचे, दार ढकलून उघडायचे आणि शेजारच्या गादीवर तळव्यानं थापा मारायचे. "या, बठा. तुमनीच जागा राखी ठेयेल शे." समोरचा माणूस कोणीही असो, त्याच्या हातात निवडणुकीचं एखादं मत असलं की त्याची जागा राखलेलीच असायची. मत नसलेला माणूस भर उन्हात डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेला असला, तरी आबांना तो दिसायचा नाही. त्यांची नजर अधू होती म्हणावं, तर संचालकाची टोपी त्यांना पार शेताच्या बांधावरूनही ओळखू यायची.

मी आमच्या तापीकाठच्या जिनिंग सोसायटीत हंगामी कारकून होतो. कपाशीचा हंगाम आला की मला बोलावणं यायचं आणि हंगाम संपला की घरी. आबा तिथले संचालक. आता ते या जगात नाहीत. त्यांच्याबद्दल मी 'ते' असं लिहितो ती कारकुनाची सवय समजा, आदर समजू नका. अशा माणसाला मागून बघितलं तर तो जास्त कळतो, हे मी त्यांच्या गाडीत शिकलो. कागदपत्रं मांडीवर घेऊन मी कायम मागच्या सीटवर असायचो. पुढे काय चाललंय ते मला मानांवरून कळायचं. तुम्हीही कधी मागे बसून बघा. माणूस तोंडानं हसत असला तरी त्याच्या मानेला ते जमत नाही.

गाडी जुनी विलायती, सुरतेच्या कुणा व्यापाऱ्यानं वापरून टाकलेली. पुढे एक अखंड बाक होता, या दारापासून त्या दारापर्यंत एकच गादी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता, त्यामुळे मधे बसणाऱ्यालाही पाय ठेवायला जागा मिळायची. गाडी आबा स्वतः चालवायचे आणि शेजारी दोन माणसं आरामात मावायची. आबांचं सगळं राजकारण त्या गादीवर चालायचं.

आबांना चेअरमन व्हायचं होतं. दुसरं काही त्यांना हवं होतं असं मला कधी दिसलं नाही. सोसायटीत मतं दोघांच्या मुठीत होती. छगनभाई हे तापीकाठचे केळीचे बागायतदार, खालच्या गावांचे संचालक त्यांचं ऐकायचे. उत्तमनाना कपाशीवाले, वरची गावं त्यांची. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. एका विहिरीवरून केव्हा तरी बिनसलं होतं आणि ते दोघांनीही जपून ठेवलं होतं. आबांना दोघेही हवे होते. म्हणून नंदुरबारला जाताना ते दोघांनाही घ्यायचे. जाताना छगनभाई मधे आणि नाना दाराशी, येताना नाना मधे आणि छगनभाई दाराशी.

छगनभाई मधे बसले की आबा त्यांच्याकडे कलून हळूच म्हणायचे, "मधली जागा मानसनी. कानजवळ कोन बठस? आपला मानूस." आणि चहाला उतरल्यावर नानांना बाजूला घेऊन सांगायचे, "दारजवळ मी तुमलेच बठाडस. बजारले दखाले पाहिजे ना, आबाना संगे कोन शे!" दोघांनाही ते पटायचं. दोघांनाही व्हाईस चेअरमनपद कबूल झालेलं होतं. मला मागे सगळं ऐकू यायचं, पण मी हंगामी माणूस. मला मत नव्हतं, म्हणून माझ्यासाठी शब्दही नव्हता.

एका वर्षी चेअरमनच्या निवडणुकीच्या आधी सरकीच्या कामासाठी आबा आणि मी सुरतेला गेलो. तिथं आबांनी कुण्या मिलवाल्याच्या तरण्या पोराची गाडी पाहिली. पुढे दोन स्वतंत्र सीटा, दोन्हीकडून अंगाला धरून ठेवणाऱ्या, लाल कातडी. आबा गाडीभोवती फिरले. काच बंद होती, तिला नाक लावून उभे राहिले. पोरगा आला आणि "शुं जोईए, काका?" म्हणाला, तेव्हा दचकून मागे सरले. मला हसू आलं, ते मी रुमालात घेतलं.

दुपारपर्यंत आबा भंगार बाजारात होते. कुठल्याशा अपघातातल्या गाडीच्या दोन सीटा त्यांनी शोधून काढल्या, त्याही लाल. एकीला जळकं भोक होतं. तिथल्याच एका गादीवाल्या चाचांनी भोकावर ठिगळ लावलं, बाक उपटून काढला आणि त्या दोन सीटा बोल्टांनी बसवल्या. बाक बाहेर काढल्यावर चाचांनी विचारलं, "सेठ, ये पुरानी सीट किधर रखूं?"

"टपवर बांधा," आबा म्हणाले. आबा फुकट काही सोडून येणाऱ्यातले नव्हते.

परतीच्या वाटेवर विसरवाडीला चहाला थांबलो तेव्हा आबा खालीच उतरले नाहीत. चहा त्यांना आत नेऊन द्यावा लागला. दोन्ही कोपरं टेकवून बसले होते. "बाकवर शाळाना पोऱ्या बठतस," ते म्हणाले. "चेअरमन खुर्चीमा बठस." निवडणूक अजून व्हायची होती.

बाकाचं त्यांनी काय केलं ते ऐका. सोसायटीच्या ओसरीवर तो ठेवला, नारळ फोडला आणि चार माणसं जमवून भाषण केलं. आपण स्वतःच्या गाडीतली बैठक सभासदांच्या सोयीसाठी अर्पण करत आहोत, असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला पुढच्या हंगामात यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला जायचं होतं. छगनभाई आणि उत्तमनाना नेहमीसारखे आले. आबांनी आतून दार उघडलं आणि लाल सीटवर थापा मारल्या. दोघेही पुढे आले आणि दोघेही थांबले. दाराशी आलेली ती दोन मोठी माणसं त्या एका सीटकडे बघत राहिली. आबांच्या मानेवर घाम आला तो मला दिसला. खरं सांगतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुरतेहून येईपर्यंत त्यांनी त्या सीटवर कोण बसेल याचा विचारच केला नव्हता, कारण ते स्वतःच्या सीटवर बसून दुसरीकडे बघतच नव्हते.

"एक जन पुढे, एक जन मांगे," ते हसून म्हणाले. "काय फरक पडस?"

ज्या माणसानं आयुष्यभर तोच फरक वाटून खाल्ला, त्यानं हे विचारावं! छगनभाई पुढे बसले. नाना माझ्याशेजारी बसायला तयार झाले नाहीत. "माले घर काम शे," म्हणाले आणि फिरले. त्याच्या पुढच्या खेपेला आबांनी नानांना पुढे बसवलं, तर छगनभाईंना एकदम केळीच्या बागेला पाणी द्यायचं आठवलं. हे असं काही दिवस चाललं. कुणाला पुढे बसवलं आणि कितीदा, याची चर्चा आता चहाच्या टपरीवर होऊ लागली.

शेवटी आबांनी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा मार्ग काढला. एका सकाळी दोघे यायच्या आतच ते एकटे गाडी घेऊन पळाले. मी सोसायटीत होतो. छगनभाई आले, गाडी नाही. नाना आले, गाडी नाही. ओसरीवर बसायला जागा एकच, आबांनी अर्पण केलेला तो बाक. दोघे त्याच्या दोन टोकांना बसले. मधे आबा नव्हते. मी खिडकीशी होतो.

मग नाना म्हणाले, "छगनभाई, एक ईचारू? तुमले काय शब्द दिन्हा त्यासनी?"

"व्हाईस चेअरमन. आनि तुमले?"

"माले बी तेच."

छगनभाईंनी मान खाली घातली. ते चिडले असं मला वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. मग नानाही हसायला लागले. विहिरीच्या भांडणानंतर हे दोघे एकत्र हसलेले मी तरी पाहिले नव्हते. जरा वेळानं नाना सरकून जवळ बसले आणि पुढचं त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही.

निवडणुकीच्या सभेत आबांच्या भाच्यानं त्यांचं नाव सुचवलं. अनुमोदन हवं होतं. आबांनी आधी छगनभाईंकडे पाहिलं, मग नानांकडे. छगनभाई छताकडे बघत होते, नाना उपरण्याची घडी घालत होते. बाकीचे त्या दोघांकडे बघत होते. कोणीच हात वर केला नाही. मला आबांची कीव यावी असा तो क्षण होता, आणि आलीही असती. पण मग नानांनी छगनभाईंचं नाव सुचवलं आणि कोणी काही बोलायच्या आत आबा उठून उभे राहिले. "मन्हं अनुमोदन शे," ते हसत म्हणाले. "मी तं पयलेपासून छगनभाईसनाच मानूस." इतकं निर्लज्ज हसू मी पुन्हा पाहिलेलं नाही. छगनभाई चेअरमन झाले, नाना व्हाईस. पहिला हार आबांनीच घातला.

बाहेर आल्यावर ते छगनभाईंना म्हणाले, "चला, घर सोडी देस."

"आम्हीन दोन्ही जन शेत, आबा," छगनभाई म्हणाले. "तुमनी गाडीमा एकच जागा शे." आणि दोघे नानांच्या बैलगाडीतून गेले. भाचाही त्यांच्याच मागे चालत गेला.

मी कागद गोळा करून कुलूप लावलं तेव्हा आबा अजून गाडीत बसून होते. "चला भाऊ," मला म्हणाले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा भाऊ म्हटलं. "पुढे बठा." मी मागचं दार उघडलं आणि मागे बसलो. ज्या माणसाशेजारी त्या दिवशी गावात कोणी बसत नव्हतं, त्याच्या शेजारी मी का म्हणून बसावं? त्यांनी गाडी सुरू केली. जिनचं धुराडं मागे पडलं, नाल्यावरचा फरशीपूल गेला. मागून त्यांची मान अगदी बारीक दिसत होती, मळकी कॉलर तिला सैल होत होती. त्यांच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं आणि घ्यायला मी सोडून कोणी नव्हतं, एवढं मला स्पष्ट कळत होतं.

"पुढला साल मीच चेअरमन," रस्त्याकडे बघतच ते म्हणाले. "आनि तुम्हीन कायमना सेक्रेटरी. हंगामी नही, कायमना. मन्हा शब्द शे."

आणि मी, सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी, त्या दोन लाल सीटांच्या मधल्या फटीतून पुढे वाकलो आणि विचारलं, "आबा, कधीपासून?"