शिकाऊ तात्या

तात्यांनी उभं आयुष्य ट्रकवर काढलं. घाटात ब्रेक गेलेली गाडी नुसत्या गिअरवर खाली उतरवणारा हा माणूस, पण मुलाकडे परदेशात आला आणि त्याचं जुनं लायसन तिथे कोणी विचारेना. उलट गाडीच्या मागे 'शिकाऊ' म्हणून पाटी लागली.

"माझे पांढरे केस दिसतायत का तुला?" तात्यांनी मुलाला विचारलं.

"पाटी केसांना नाही, गाडीला लावलीय."

मुलाकडे धीर नव्हता, म्हणून सराव सुनेने घेतला.

"तात्या, आरसा बघा."

"बघितला."

"मला दिसलं नाही."

"आरसा मी बघायचा, की तुला दाखवायचा?"

"परीक्षकांना दाखवायचा. नुसते डोळे फिरवून चालत नाही, मान हलली पाहिजे."

मग तात्या अशी मान हलवू लागले, की सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला.

परीक्षेला ओठ घट्ट मिटलेल्या एक बाई शेजारी बसल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात चढावर पुढची गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. आत एकटीच, नुकतंच लायसन मिळालेली घाबरलेली मुलगी. तात्यांनी हँडब्रेक ओढला आणि उतरले. बाई हाका मारतायत, तात्या चालतायत! त्यांनी हातवारे करून मुलीला बाजूच्या सीटवर सरकवलं, अर्ध्या क्लचवर गाडी चढवली, कडेला लावली. मग धापा टाकत परत आले, पट्टा लावला आणि मान हलवून आरसा बघितला.

नापास!

"उतरायची काय गरज होती?" मुलगा चिडला.

"गाडी मागे येत होती रे. मी काय आरशात बघत बसू?"

सून तोंडावर पदर नाही, तर अख्खी उशी धरून हसत होती.

दुसऱ्या खेपेला त्याच बाई. त्यांनी आधीच बजावलं, "काहीही झालं तरी उतरायचं नाही." तात्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली. आणि नशीब बघा, अरुंद गल्लीत एक ट्रक आडवा! ड्रायव्हर रिव्हर्स घेतोय आणि घेता येत नाहीये. तात्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "उजवीकडे काप... अरे, उजवीकडे," ते दातओठ खात पुटपुटले. ट्रक भिंतीला करकरत घासला. तात्यांनी डोळेच मिटून घेतले.

बाईंनी पास केलं, पण एक चूक काढलीच. गाडीत बसल्यावर डोळे मिटायचे नसतात म्हणे. हे सांगताना त्यांचे ओठ पहिल्यांदाच जरा सैल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दूध आणायला म्हणून एकटेच गाडी घेऊन निघाले. दुपार झाली तरी पत्ता नाही. फोन घरातच वाजत होता. मुलाच्या जिवात जीव राहिला नाही. दिवे लागायच्या सुमारास गाडी दारात आली.

"होतात कुठे तुम्ही?"

"रस्ता फार चांगला होता," तात्या म्हणाले.

"आणि दूध?"

तात्यांनी किल्ली पुन्हा हातात घेतली. "आणतो की!"

"थांबा, मीही येते," म्हणत सून चपला शोधू लागली.