काळ्या मातीचं इजिप्त

आम्ही दहावीत असताना आर्णीच्या शाळेतल्या प्रदर्शनात संगीताच्या नाईल नदीला बक्षीस मिळालं नाही. परवा घटातल्या ओल्या मातीचा आणि उगवत्या गव्हाचा वास आला, आणि ती दुपार आठवली.

तिनं पत्र्याच्या ट्रेमध्ये मुरमाचं लाल वाळवंट केलं होतं. मधून नदी, आणि पुराचं पाणी पोचेल तेवढ्याच जागेत वावरातली काळी माती. त्या पट्ट्यात बोटभर गहू उगवला होता. "नंबर आणला तं तुले यवतमाळले शिकाले पाठवतो," असं तिचे बाबा म्हणाले होते.

परीक्षक बाई ट्रेवर वाकल्या. "इजिप्त आहे ना हे? मग पिरॅमिड कुठंय?"

"ते मेलेल्या राजायसाठी, बाई. मी जित्या लोकायचं गाव केलं."

बाई पुढे सरकताच मी तिच्या कानाशी लागले. "अवं, माह्याजवळ एक लहाना पिरॅमिड उरला हाय. ठेवून दे ना!"

"कायले? पुराचं पाणी येते तिथं कोणी कबर बांधते काय, येडे?" ती हसली.

पहिला नंबर माझ्या थर्माकोलच्या पिरॅमिडला मिळाला.

प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला 'काळी भूमी' म्हणत आणि वाळवंटाला 'लाल भूमी', हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. तेव्हा ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

जूनमध्ये मी अकरावीसाठी यवतमाळला गेले. संगीताला तिच्या बाबांनी पाठवलं नाही.