सासूबाई, मोबाईल आणि राणीचा मुकुट

मला वाचता येत नाही, हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. (हेसुद्धा मी बोललोय, लिहिलंय बायकोनं.) लग्नाच्या बैठकीत मी सातवी पास ठोकून दिलं आणि ते पचलं.

सासूबाई लालबागला आमच्याकडेच राहतात. मधुमेहानं डोळे गेले, म्युझियमचा नाद गेला नाही. गेली सहा वर्षं दर दिवाळीत मी त्यांना नेतो आणि पाट्या वाचून दाखवतो. म्हणजे, सुचेल ते बोलतो.

यंदा तिकिटवाल्या पोरीनं त्यांच्या हातात मोबाईल दिला. "मावशी, कपाटाला गोल स्टिकर आहे. जवळ नुसता धरा, तो बोलेल."

मी लगेच मध्ये पडलो. "मामी, कशाला? मी आहे ना."

"तुम्ही असताच. आज ह्याचं ऐकू."

पहिलं कपाट. माझ्या हिशोबानं आत राणीचा मुकुट. मोबाईल म्हणाला, "पितळी पिकदाणी."

सासूबाई थांबल्या. "जावईबापू, मी अख्ख्या चाळीला मुकुट सांगितलाय."

"मशीन बिघडलंय." मी वॉचमनला बोलावलं. "भाऊ, जरा पाटी वाच."

"पिकदाणी."

"हा पण बिघडलाय."

पुढे मिशीवाल्या साहेबाचा पुतळा. त्याला मी डाकू केलेलं. मोबाईल म्हणतो, ह्यानं म्युझियमला जमीन दिली. मी मागे हटलो नाय. "आधी डाकू असेल. मग सुधारला."

मग आला गिरणीतला माग. तिथं मी दरवर्षी "हात लावू नये" वाचायचो, कारण पुढे लगेच कँटीन. मोबाईल म्हणाला, "ही प्रतिकृती हात लावून पाहण्यासाठी आहे."

सासरे आयुष्यभर मागावर उभे होते. सासूबाईंनी दोन्ही हातांनी माग चाचपला. दोरे, धोटा, सगळं. पुन्हा पहिल्यापासून.

वॉचमन म्हणाला, "मावशी, मागे लाइन लागलीय."

"लागू दे. मी सहा वर्षं लाइनीत होते."

मग माझ्याकडे वळल्या. "शिकला नाय, त्याचं काय नाय. माझे हात का बांधून ठेवलेत?"

मी मान खाली घातली. (त्यांना दिसणार नाही, म्हणून तोंडानंही सांगितलं.)

"पुढच्या दिवाळीत परत यायचं. वाचणार मी. तुम्ही नुसता हात धरायचा."

निघताना मी नेहमीसारखा डावीकडच्या दारात शिरणार, तेवढ्यात दारावरच्या गोल स्टिकरजवळ येऊन सासूबाईंच्या हातातला मोबाईल बोलला, "महिला स्वच्छतागृह."

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सहा वर्षं?"

तरीच म्हटलं, इतकं स्वच्छ कसं!