सुनंदाला सांगितलेले वास

सकाळी शाळेत निघण्याच्या गडबडीत होते, तेव्हा फोन आला. माझ्या मैत्रिणीच्या, सुनंदाच्या फोनवरून भाऊजींचा, म्हणजे तिच्या यजमानांचा आवाज होता. "सुनंदा गेली," ते म्हणाले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंतही तिनं तग धरला नाही, हे मला नंतर कळलं. नवेगाव बांधहून गोंदियाच्या बाजूला कुडव्याला जाईपर्यंत एसटीत मी खिडकीशी बसून होते. धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावणं सुरू होतं, चिखलाचा वास आत येत होता, आणि सवयीनं मनात वाक्य जुळत होतं... चिखल आज कसा आहे, हे संध्याकाळी तिला कसं सांगायचं.

ही सवय कुठून लागली, ते सांगायला हवं. गोंदियाच्या कॉलेजात आम्ही बी.एस्सी.ला होतो. रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा वर्गाला साबणाचा कारखाना दाखवायला नेलं. गावाबाहेर टिनाच्या शेडमधला लहानसाच कारखाना. मोठ्या कढईत तेल आणि कॉस्टिक सोडा रटरटत होता, दुसरीकडे थिजलेल्या साबणाच्या लाद्या तारेनं कापत होते. सर फळ्यावरची समीकरणं आठवायला सांगत होते, आणि आम्ही पोरी ओढण्या नाकाला लावून हसत होतो. सुनंदाशी तोवर माझी फक्त बाकापुरती ओळख होती. तिची ओढणी मात्र नाकाला नव्हती.

सगळ्यात शेवटी मॅनेजरनं आम्हाला सुगंध मिसळायच्या खोलीत नेलं. माणूस हिंदी बोलणारा, मोठा गमत्या. कागदाच्या पट्ट्या अत्तरात बुडवून एकेकाला द्यायचा आणि विचारायचा, "बोलो बेटा, कौन सी खुशबू?" कोणी चंदन म्हणालं, कोणी लिंबू. सुनंदाला त्यानं गंमत म्हणून टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, कच्च्या तेलाची पट्टी दिली. त्या उग्र वासानं बाजूला उभ्या असलेल्या मीही ओढणी पुन्हा नाकाला लावली. सुनंदानं पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मोगरा."

खोली हसून हसून कोसळायची बाकी राहिली. ती गंमत करते आहे असं समजून सरही हसले. सुनंदापण हसली. पण माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. ती पट्टी तिनं मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटांतून तेल निथळत होतं.

बाहेर साबणाच्या वड्या वाळत घातल्या होत्या, तिथं ती एकटीच जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले. विचारलं काहीच नव्हतं, तरी तीच म्हणाली, "मले वास येत नाही. लहानपणी ताप आला होता, तवापासून. कायचाच येत नाही."

"घरी माहीत आहे?"

"नाही. तू पण कोणाले सांगू नोको. घरी लग्नाचं पाहून राहिले." मग समोरच्या वड्यांकडे बघत म्हणाली, "याचा वास कसा हाय, सांग ना."

मला सांगताच येईना. साबणाचा वास साबणासारखा, दुसरं काय? पण तिनं तोंड माझ्याकडे केलं होतं, आणि तिला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "नुकत्याच धुतलेल्या चादरीवर गाल टेकवल्यावर कसं वाटतं, तसा." तिनं एक वडी उचलून गालाला लावली. मग म्हणाली, "असं सांगते तं समजते."

त्यानंतर मी तिला वास सांगत राहिले. तिचं लग्न कुडव्याला किराणा दुकानवाल्या घरात झालं, मी नवेगाव बांधला शिक्षिका होऊन गेले, ती लेकीची आई झाली, मी एकटीच राहिले. पण संध्याकाळचा फोन सुटला नाही. "आज कायचा वास हाय तिकडं?" ती विचारायची. तलावाकाठी वाळणाऱ्या मासोळ्या, उकडलेलं धान, उन्हाळ्यात मोहफुलं... मी सांगत जायची. दुकानात गिऱ्हाईक आलं की हेच शब्द ती वापरायची. "हा साबण घ्या, याचा वास अंगावर टिकते. तो नोका घेऊ, तो पाण्यासंगंच जाते." बायका तिच्या निवडीवर विश्वास ठेवायच्या. मला तेव्हा आतून मोठं सुख वाटायचं. तिची ही गोष्ट जगात फक्त माझ्याजवळ होती.

तेरवीला गर्दीत काही बोलणं झालं नाही. गेल्या रविवारी पुन्हा गेले. लेक हैदराबादला नोकरीवर परतली होती, दुकान बंद होतं, घरात भाऊजी एकटे. "बसा, चहा ठेवतो," म्हणाले. मीही पाठोपाठ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पातेलं ठेवलं, पण काडी ओढली नाही. आधी खाली वाकले, सिलिंडरजवळ नाक नेऊन वास घेतला, मग शेगडीजवळ घेतला, मग पेटवलं.

मी बघतच राहिले. ते म्हणाले, "तुम्हाले माहीत असंलच. तिले वास येत नव्हता."

"तुम्हाला तिनं सांगितलं होतं?"

"नाही. लग्न झालं त्याच महिन्यात समजलं. दूध करपून राहिलं होतं, अन् ती बाजूलेच भाजी चिरत होती."

"मग कधी बोलला नाहीत?"

"कायले बोलू? तिनं इतकं जपून ठेवलं होतं. बोललो असतो तं तिले वाटलं असतं, पकडली गेली."

चहा उकळून वर आला. इतकी वर्षं जे मी एकटीनं सांभाळलं म्हणत होते, ते या माणसानं एका छताखाली राहून, तिलाही कळू न देता सांभाळलं होतं.

"सकाळी मीच आधी उठत होतो," गॅस बारीक करत ते म्हणाले. "तिले म्हणायचो, मले तलफ येते चहाची. गॅस पाहून घ्यायचो, दूध पाहून घ्यायचो, मंग तिले आवाज द्यायचो."

"आणि आता?"

"आताही उठतो. सगळं पाहून घेतो..." त्यांनी चहा दोन कपांत ओतला. "आवाज द्याले दारापर्यंत जातो."