ताऱ्याची रेघ

लिफ्ट बंद पडली की लोक आधी बटण बडवतात, मग दार बडवतात, आणि शेवटी लिफ्टवाल्याला फोन करून त्यालाच बडवावं अशा आवाजात बोलतात. पण तो येऊन उभा राहिला की सगळे गप्प होत. कारण हा बाबा आल्या आल्या काही उघडतच नसे. हत्यारांची पिशवी खाली ठेवायची, दाराच्या फटीला कान लावायचा आणि म्हणायचं, "चालवा एकदा." लिफ्ट कण्हत कुंथत वर जायची आणि हा खालूनच सांगायचा, बेअरिंग गेलंय, नाहीतर वरच्या मजल्याजवळ रूळ कोरडा पडलाय. उघडून बघावं तर बहुतेक वेळा तेच निघायचं. आपल्या कानाचा त्याला फार गर्व होता. घरात मिक्सर लागला तरी हा बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, झाकण नीट बसलं नाही म्हणून. बायको म्हणायची, "तुम्ही डोळे मिटून संसार केलात तरी भागेल."

आभाळाचा नाद त्याला कामातूनच लागला. लिफ्टचं मशीन असतं इमारतीच्या छपरावर. खालचा माणूस तार ओढेपर्यंत, नाहीतर नवा भाग दुकानातून येईपर्यंत, वर एकट्याने ताटकळत बसायचं. दिवस मावळायची वेळ, हाताला ग्रीस, खिशात बिडी नाही. माणूस करणार काय? वर बघणार. एक एक तारा उमटायला लागला की हा कोण, तो कोण असं त्याला वाटायला लागलं. मग एक जुनी दुर्बीण आली. मग गावातल्या हौशी मंडळींशी ओळख झाली, महिन्यातून एकदा कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर जमणारी माणसं. बायको सुरुवातीला नवऱ्याचे चोचले म्हणून नाक मुरडत वर आली आणि वर्षभरात नवऱ्याला मागे टाकून बसली. कृत्तिकेचा झुबका दिसला की हा सहा तारे मोजून थांबायचा आणि ती बिनदुर्बिणीची आणखी दोन-तीन मोजून दाखवायची. खरं सांगत होती की थापा मारत होती, देव जाणे. पण त्या वेळी ती फार खुशीत असायची, हे मात्र खरं.

त्या मंडळींमध्ये एक म्हातारे होते, सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या आणि उरलेल्या वेळात दुर्बिणींचे आरसे. त्यांनीच या दोघांच्या डोक्यात भरवलं की मोठी दुर्बीण विकत कसली घेता, आरसा घरी घासा. काम ऐकायला सोपं. जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या. खालची पिंपावर पक्की बसवायची, मधे पाणी आणि खरखरीत पावडर टाकायची आणि वरची तिच्यावर घासायची. घासता घासता वरची काच हळूहळू पोटात खोल होत जाते. मग पावडर बारीक, मग आणखी बारीक, आणि शेवटी राळेच्या थरावर तांबडी भुकटी घालून चकाकी. सगळं मिळून वर्षभराच्या संध्याकाळी जातात.

आणि एकच नियम, तो भिंगकाकांनी दोघांना अगदी दटावून सांगितला होता. एका जागी थांबायचं नाही. चार हात मारले की एक पाऊल सरकायचं, काच जराशी फिरवायची, पुन्हा चार हात, पुन्हा पाऊल. पिंपाभोवती सारखं फिरत राहायचं, म्हणजे काच सगळीकडून सारखी झिजते. मागच्या खोलीतला पलंग भिंतीला लावून दोघांनी मधोमध पिंप उभं केलं. बायकोने त्याचं नाव ठेवलं घाणा. संध्याकाळी चहा झाला की विचारायची, "आज घाण्याला बैल कोण?" सुरुवातीचं जाडंभरडं काम त्याने केलं, कारण त्याचा हात जड. बारीक पावडर आणि चकाकी तिच्याकडे. काच व्हायच्या कितीतरी आधी याने लाकडी नळी आणि बैठक करून, रंग देऊन तयार ठेवली होती. इतकी घाई.

ती आत घासायची तेव्हा हा बाहेरच्या खोलीत खुर्चीत पाय पसरून पडलेला असायचा. आवाज ऐकू यायचा. ताजी पावडर वेगळी वाजते आणि झिजलेली वेगळी, हे त्याच्या कानाला लगेच कळायचं. "पावडर मेली गं," तो इथूनच म्हणायचा. "टाकते, साहेब," ती तिथून.

मग ती गेली. आजार कळला आणि सगळं संपलंच, मधे वेळ म्हणून काही मिळाला नाही. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर लेकीला सांगत होते की हे हाडातलं दुखणं काल-परवाचं नाही, कित्येक महिने त्यांनी अंगावर काढलं असणार, धड उभं राहणंसुद्धा कठीण गेलं असेल. लेक दुसऱ्या गावी नोकरीला, मिळेल त्या गाडीने आलेली, अंगावर कामावरचेच कपडे. ती बापाकडे वळली.

"बाबा, एका घरात राहून तुम्हाला कळलं कसं नाही?"

"अगं, ठणठणीत होती ती," तो म्हणाला. "दवाखान्यात आणलं त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत काच घासत होती."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर लेक दर थोड्या दिवसांनी यायची, दोन दिवस राहायची. भाजी काय आणू, चादरी धुवायला टाकल्या का, असंच काहीबाही बोलायची. तो विषय कुणी काढला नाही. पण प्रश्न तिथेच होता, जेवायच्या टेबलावर, दोघांच्या मधे. आणि याचं उत्तरही तेच होतं, मनातल्या मनात शंभरदा घोकलेलं. ती तर काच घासत होती.

लिफ्टवाला रडला नाही. लोकांनी फार वाट पाहिली. वहिनी तर समोर बसून म्हणाली, भावजी, रडून घ्या, मोकळं वाटेल. त्याने खरंच प्रयत्न करून पाहिला. काही झालं नाही. दाढ काढल्यावर गाल कसा आपला नसतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखं वाटतं, तसं त्याचं सगळंच झालं होतं. तो कामाला जायचा, लिफ्ट दुरुस्त करायचा, घरी येऊन जेवायचा. भाजीत मीठ नसलं तर लेक आल्यावर कळायचं. छपरावर मशीनपाशी बसला की तारे दिसायचे, त्यांची नावंही आठवायची, पण शेजाऱ्यांची आठवतात तशी. गच्चीवरच्या बैठकीला तो जाईनासा झाला. काच एका डब्यात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती, चकाकी जवळजवळ पूर्ण झालेली. तिला त्याने हात लावला नाही.

शेवटी भिंगकाका स्वतः आले. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, म्हातारा तीन जिने चढून धापा टाकत दारात उभा राहिला, पाणी प्यायला आणि म्हणाला की काच आणि नळी घेऊन माझ्याकडे ये, वरचा चांदीसारखा थर देण्याआधी ताऱ्यावर बघून घेऊ. त्या दिवसांत लिफ्टवाला सगळ्यालाच बरं म्हणायचा. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं. तो म्हणाला, "बरं."

भिंगकाकांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून दोघांनी नळी उभी केली. अजून पुरतं अंधारलंही नव्हतं. डोक्यावर अभिजितचा तारा उमटला होता, पांढराशुभ्र. भिंगकाकांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग याला बघायला लावलं. तारा म्हणजे खरं तर टिंब दिसायला हवं, सुईच्या टोकाएवढं. इथे दिसत होती एक बारीकशी उभी रेघ. फोकस थोडा पुढे नेला तर ती आडवी झाली. मधे कुठेतरी टिंब यायला हवं, ते काही येईना. नुसता चुरगळलेला ठिपका.

भिंगकाकांनी आधी त्याच्या डोळ्यावर संशय घेतला, मग स्वतःच्या. मग खाली वाकून नळीतली काच थोडी फिरवून बसवली आणि पुन्हा पाहिलं. काचेबरोबर रेघही तेवढीच फिरली होती. आता शंकाच नव्हती.

"दोष काचेतच आहे," ते म्हणाले. "हे एका जागी बसून घासलंय कुणीतरी. पिंपाभोवती फिरलेल्या माणसाच्या काचेत असं येत नाही. कोण, तू का रे?"

 लिफ्टवाल्याला स्टूल आठवलं. शेवटच्या महिन्यांतली गोष्ट. पक्कड शोधायला तो मागच्या खोलीत गेला होता, तर स्वयंपाकघरातलं स्टूल पिंपाशेजारी. फिरायला जागा नको का, अडखळून पडशील, असं म्हणत त्याने ते स्वतःच्या हाताने उचलून बाहेर आणून ठेवलं होतं. ती नुसती बरं म्हणाली होती. त्यानंतर ते आत गेलं की नाही, त्याने बघितलं नाही. बघायचं काय, काचेचा आवाज तर येत होता. आता त्याला कळलं की त्या दिवसांत फक्त काचेचाच आवाज येत होता. तिच्या सपाता फरशीवर फटफट वाजायच्या, पिंपाला फेरी घालताना तर नक्कीच. त्या वाजत नव्हत्या. तो पावडर ऐकत होता.

"मीच," तो म्हणाला. "गुडघे धरले होते."

भिंगकाकांनी त्याला चांगलंच झापलं. वर्षाची मेहनत पाण्यात घातलीस, गुडघे दुखत होते तर आठ दिवस थांबायचं होतंस, काच काय पळून जात होती? मग म्हातारा निवळला. म्हणाला, एवढं तोंड पाडू नको, जातं ते. बारीक पावडरवर परत मागे यायचं, चार-सहा संध्याकाळी नीट फिरून घासायचं, सगळा दोष निघून जातो आणि काच पुन्हा कोरी होते. तुझं मन नाही कामात, मीच करतो. ठेवून जा.

तो ठेवून निघालासुद्धा. जिना अर्धा उतरला, तिथेच उभा राहिला, आणि परत वर गेला. काच फडक्यात गुंडाळून डब्यात घातली. आत्ता नको, एवढंच म्हणाला. भिंगकाकांनी त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, आणि नळी खाली न्यायला एका बाजूने हात लावला.

पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा आईच्या कपाटातले कपडे काढून, ठेवायचे आणि द्यायचे असे वेगळे करत बसली होती. दिवस मावळायला लागल्यावर तो दारात येऊन म्हणाला, वर चल, एक दाखवायचंय. तिला आभाळात कधीच गोडी नव्हती. पण इतक्या महिन्यांत बापाने आपण होऊन काही मागितलेलं हे पहिलंच. ती हातातली साडी तशीच पलंगावर टाकून उठली.

नळी त्याने आधीच गच्चीवर नेऊन ठेवली होती. तारा लावून दिला, कुठून बघायचं ते दाखवलं. तिने वाकून डोळा लावला.

"रेघ दिसतेय," ती म्हणाली. "बिघडलंय का काही?"

काय बोलायचं ते त्याने कामावर जाता येता ठरवून ठेवलं होतं. पावडरीपासून सुरुवात करायची, नियम समजावून सांगायचा, मग हळूहळू मुद्द्यावर यायचं. त्यातलं काही तोंडात आलं नाही.

"तू विचारलं होतंस ना, कळलं कसं नाही," तो म्हणाला. "ती बसून घासत होती. हे काम उभं राहून, फिरत फिरत करायचं असतं. तिला उभं राहवत नव्हतं. स्टूल घेतलं होतं तिने, तर ते मी बाहेर काढून ठेवलं. तिने परत आत नेलं असणार, मला न सांगता. मी बाहेर बसलो होतो, मला वाटलं फिरतेय. बसून घासलं की तारा असा दिसतो."

लेक वाकलेलीच होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं, ती होईना.

"नीट करता येतं हे?" तिने विचारलं.

"येतं. चार-सहा दिवसांचं काम. भिंगकाका करून देतो म्हणालेत."

"मग दिलं का नाहीत?"

त्याने काचेचा रिकामा डबा उचलून कठड्यावर ठेवला.  डोळा तिथेच ठेवून ती म्हणाली, "मला सांगितलं होतं तिने. फोनवर. कंबर फार धरते म्हणाली. मी कामात होते. मी म्हटलं, वयाने होतं गं, शेक घे."

त्याला राग यायला हवा होता. महिनोन्महिने हिने आपल्याला ज्या प्रश्नाखाली ठेवलं तो प्रश्न हिचाही होता तर. पण राग आला नाही. त्याला तिची कीव आली, वाकलेल्या पाठीची, केसांना लावलेल्या तिरप्या क्लिपची. छातीत दुखलं, अगदी सरळ, कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच काही दुखलं.

"बाबा, ती सरकली," लेक म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "जातेय बाहेर."

तारे सरकतातच. नळीतून तर फार भरभर सरकतात. त्याने पुढे होऊन दोन बोटांनी नळी जराशी ढकलली.

"आली?"

"आली."

तिने डोळा काढला नाही. तो तिच्या शेजारी उभा राहिला, आणि रेघ कडेला गेली असेल असं वाटलं की नळी पुन्हा थोडी ढकलत राहिला.