टाक्यातलं हिरवं पाणी

लग्न होऊन शिरड शहापूरजवळच्या त्या गावात आले, तर आमचे हे गोठ्याच्या पाण्यात शेवाळ पाळून राहिले होते. लोक म्हशी पाळतात, कोंबड्या पाळतात. माझ्या नशिबी शेवाळ! शेणामुताचं पाणी गोबरगॅसमधून निघून, निवळून सिमेंटच्या टाक्यात यायचं. त्यात परभणीच्या एका प्राध्यापकांनी दिलेलं बारीक शेवाळ वाढवायचं, गाळून-वाळवून त्याचं तेल काढायचं आणि त्यावर इंजिन चालवायचं. लोक हसतील म्हणून ह्यांनी तेलाचं कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनाही एवढंच, की पाणी साफ करायचं काम चालू आहे.

आधी मी चिडायचे. मग काठीनं पाणी ढवळता ढवळता मलाच त्याचा लळा लागला. पाणी पिवळं पडलं की घास गोड लागायचा नाही.

एका उन्हाळ्यात प्राध्यापकांचा निरोप आला. येतो, नमुना नेतो, चांगला निघाला तर ह्यांना कॉलेजात याच कामावर घेतो. नाहीतर म्हशी मोडून पुण्याला कंपनीत जायचं ठरलं होतं, आणि ह्यांना पुणं नको होतं. बियाण्याला म्हणून जपून ठेवलेली शेवाळाची बाटली उन्हानं खराब झाली होती. होतं ते सगळं टाक्यातच.

मध्येच माझ्या भावाच्या लग्नाला नरसीला जावं लागलं. मुक्काम करून परतलो, तर सासरे टाक्याच्या कठड्यावर खुशीत बसलेले.

"पाहा, तळ दिसून राहिला!"

विहिरीला शेवाळ धरलं की आमच्याकडं मोरचूद सोडतात. शेवाळ मरून तळाला बसतं. त्यांनी टाक्यात तेच सोडलं होतं.

"मामंजी, काहून केलं हो?" मी ओरडलेच.

"काहून म्हंजे? उद्या मोठा माणूस येऊन राहिला. असं घाण पाणी पाहून पोराला नावं ठेवील न्हाई का?"

मला रडू फुटलं. हे टाक्यात बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बरं केलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आले. टाक्यात डोकावले आणि काय झालं ते त्यांना कळलं. नमुन्यासाठी आणलेली रिकामी बाटली त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. सासऱ्यांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि हात जोडले.

"साहेब, पाणी पाह्यलं न्हवं? पोरगं लई मेहनती हाय. तुमच्याकडंच ठेवून घ्या त्याला."

प्राध्यापक, हे आणि मी, आम्हा तिघांपैकी एकालाही सासऱ्यांना खरं सांगता येईना.