पत्ता जुळत नाही

बँकेची कार्डं जिथे तयार होतात, अशा कारखान्यात मी नऊ वर्षं सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर होतो. भंडाऱ्याच्या बाहेर, धानाच्या बांध्यांमध्ये उभी केलेली ती बिनखिडक्यांची इमारत. लोकांना वाटायचं आत नोटा छापतात. मी सांगायचो, नोटा परवडल्या, या कार्डांचे नखरे जास्त. कोरं कार्डसुद्धा तिजोरीत राहायचं आणि बिघडलेलं कापून फेकायलाही दोघांच्या सह्या लागायच्या. हे सगळं ज्याने राखायचं त्या रक्षकाला मात्र आत पाय टाकायची मनाई. त्याच्याकडे चावी नाही, मशीनच्या खोलीचं दार त्याच्या हाताने उघडत नाही, दुसरं कोणतंही काम त्याने करायचं नाही. काचेतून आणि कॅमेऱ्यातून पाहत राहायचं, एवढंच. आत काही विपरीत घडताना दिसलं तर काय करायचं, असं एका नव्या रक्षकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, वेळ टाकून नोंद करायची आणि वर फोन लावायचा. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

रक्षक नेमायचा तर त्याची चौकशी सोयरिकीपेक्षा कडक. शाळेचा दाखला, पोलिसांचं पत्र, आधीच्या कामाची खात्री, डॉक्टरची तपासणी, आणि माणूस जिथे राहतो तिथे जाऊन काढलेला घराचा फोटो. ही कामं बाहेरची एक एजन्सी करायची. माझ्या वेळी माझाही दाखला अडला होता. जिल्हा फुटला तेव्हा माझं गाव गोंदियात गेलं, दाखल्यावर मात्र भंडाराच राहिला. एक सरकारी कागद जोडला आणि प्रकरण मिटलं. तेव्हापासून माझी समजूत झाली होती, की माणूस खरा असला आणि त्याच्याजवळ कागद असला की काम होतं.

पॅकिंगला बायका वाढल्या तशी त्यांची झडती घ्यायला एक बाई रक्षक हवी झाली. पवनी तालुक्यातून एक जण आली. वय पस्तिशीच्या आसपास, होमगार्डमध्ये बंदोबस्त केलेला, खुर्चीत बसली तरी पाठ ताठ. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. पुनर्वसनाची वसाहत मुरमाड माळावर, तिथे धान पिकत नाही, म्हणून नवरा परराज्यातल्या राईस मिलमध्ये पोती उचलायला गेलेला. वर्षातून दोनदा घरी यायचा. ही नोकरी कशाला हवी, असं मी विचारलं.

"त्यायले वापस बोलवाचं आहे जी," ती म्हणाली. "त्यायची कंबर गेली आता. मले पगार सुरू झाला का म्हनीन, या घरी."

मुलाखतीत मी सगळ्यांना एक फसवा प्रश्न विचारायचो. समजा मीच मोबाईल खिशात घालून आत निघालो, तर?

"थांबवीन."

"मी तुमचा साहेब आहे."

"मंग त पयले थांबवीन. तुमचं पाहूनच बाकीचे नेतीन नं."

मी त्याच दिवशी तिच्या मापाचा गणवेश मागवला. इतका उतावीळपणा मी एरवी करत नाही.

पंधरा दिवसांनी एजन्सीचा अहवाल आला. शाळा बरोबर, पोलीस बरोबर, तब्येत उत्तम. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: पत्ता जुळत नाही, अर्जदाराने खोटी माहिती दिल्याची शक्यता. सोबत फोटो होता. त्यात तिच्या घराचं निळं दार आणि दारावर पत्र्याची पाटी. पाटीवर गाव दुसरंच, घर नंबरही दुसराच.

मला ते पाहताक्षणी कळलं, कारण धरणातली गावं उठताना मी पाहिली होती. लोकांनी गाव सोडलं तेव्हा घरं उकलून नेली होती. सागवानी चौकटी, दारं, छपरावरचे कवेलू, जे निघेल ते ट्रॅक्टरवर टाकलं आणि नव्या भिंतींत बसवलं. दारावर ग्रामपंचायतीने ठोकलेली पाटी दारासोबतच आली. ती कोण कशाला उपटेल? नव्या प्लॉटचा नंबर भिंतीवर कोणीतरी गेरूने टाकला होता, तो पहिल्या दोन पावसाळ्यांत धुऊन गेला. एजन्सीच्या माणसाला जी पाटी दिसली तिचा त्याने फोटो काढला. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही.

मी एजन्सीला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता, त्यामुळे त्याच्यावर ओरडताही येईना. तो म्हणाला, "सर, गाव पाण्यात गेलं, दार हलवलं, असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाहीये. तुम्ही सात दिवसांत योग्य नंबर दिसणारा फोटो पाठवा, मी लावतो." मला वाटलं, चला, कागदच लावायचा आहे.

रविवारी मोटारसायकल काढली. डिकीत ऑइलपेंटचा लहान डबा, ब्रश आणि पक्कड. कोंढा गावावरून पुढे गेलो आणि विचारत विचारत वसाहतीत पोचलो. एकसारखी घरं, एकसारख्या भिंती, पण प्रत्येक घराचं दार वेगळं. कोणाचं कोरीव, कोणाचं दोन फळ्यांचं. बहुतेकांवर त्याच बुडालेल्या गावाच्या पाट्या. आख्ख्या वसाहतीचा पत्ता खोटा ठरला असता.

ती गणवेशात नव्हती, तरी मला पाहून तिने पाय जुळवले. मी सगळं समजावून सांगितलं. भिंतीवर नवा नंबर रंगवला, चांगला वीतभर. मग म्हटलं, आता ही पाटी काढावी लागेल.

तिने पाटीवर एकदा हात ठेवला. "काढा जी," ती म्हणाली.

आतून तिची सासू आली. "पाटी काहून काहाडून राहिले?" तिने विचारलं.

"सुनेच्या नोकरीसाठी," मी म्हटलं.

"मंग काढा. तिले नोकरी लागू द्या."

चार खिळे होते. तीन निघाले, चौथा गंजून आतच तुटला. पाटीखाली दाराचा निळा रंग गडद होता, बाकी दार उन्हाने विटलेलं. मी फोटो काढला. ती दाराशेजारी ड्युटीवर उभी राहावी तशी उभी होती. सासूने चहा केला. पाटी कुठे ठेवायची कोणाला सुचेना, म्हणून ती तशीच ओट्यावर पडून राहिली.

एजन्सीचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले होते. तेच दार, तीच चौकट. पहिल्यात पाटी आहे, दुसऱ्यात नाही, भिंतीवरचा नंबर ताजा. शेरा होता: पडताळणीच्या पुराव्यात फेरफार. नाव कायमचं बंद. कायमचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्याकडेच नव्हे, तसल्या कोणत्याही कारखान्यात तिचा अर्ज पुन्हा घेतला जाणार नव्हता.

मी तडक आमच्या अधिकाऱ्याकडे गेलो. पाटी मी काढली, तिने नाही, हे सांगितलं. तिच्या अर्जाला जोडलेला धरणग्रस्ताचा दाखला त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, परत माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "रक्षकांच्या सुपरवायझरनेच पडताळणीत हात घातला, असं मी लिहू का? लिहिलं तर तुमचीही चौकशी लागेल. तिचं तरीही होईल असं नाही."

मी घाबरलो. दोन मुली कॉलेजात होत्या, घराचा हप्ता होता, ही सगळी कारणं खरी होती. मी दाखला उचलला आणि बाहेर आलो. गेटवर बसून मी काचेतून आत पाहत राहिलो. माझं काम तेवढंच होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी डिकीत हातोडी आणि नवे खिळे होते. दारावर तो गडद निळा चौकोन तसाच होता. मी तिला सांगितलं, या खेपेला नाही झालं. खेपेला हा शब्द मी का वापरला, मला माहीत नाही. खरं बोलायची हिंमत झाली नाही, इतकंच.

तिने मान हलवली. मी म्हटलं, "पाटी आणा, मी लावून देतो. होती तिथेच."

ती आतून पाटी घेऊन आली, पदराने पुसली, पण माझ्या हातात दिली नाही.

"नका लावू जी," ती म्हणाली. "पुन्हा कोनी फोटो काहाडाले आला त?"

मी हातोडी डिकीत ठेवली आणि म्हटलं, "बरं."